एक तास अकरा मिनिटं

बेलव्ह्यू, ४ ऑगस्ट २०२५

इला,

पत्राच्या पहिल्या ओळीत आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तू तो ठेवून घेशील की पाकिटासकट परत पाठवशील याची खात्री नाही, म्हणून तूर्तास माझ्याकडेच ठेवतो.

परवा गिरिजामावशीचा पिस्कॅटवेहून फोन आला. अठरा मिनिटं स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलली आणि फोन ठेवता ठेवता, सामानाच्या यादीत राहिलेली कोथिंबीर आठवावी तसं म्हणाली, "आणि हो भाऊजी, इला चोवीस तारखेला नॉर्वेला निघाली. तीन वर्षांसाठी." माझ्या हातात कुकरची शिटी होती. ती मी कुठे ठेवली ते अजून सापडलेलं नाही. दोन दिवस भात पातेल्यात करतोय. खाली लागतो, वर कच्चा राहतो. आई असती तर म्हणाली असती, तुझ्या विनोदी लेखासारखाच झालाय.

मी मावशीला विचारलं, हे मला कोणी सांगणार होतं की नाही. ती म्हणाली, आता सांगितलं ना.

तू माझा नंबर बंद केलास त्याला सव्वादोन वर्षं झाली. ई-मेल परत येतात. टपालाला मात्र बंद करायचं बटण अजून कोणी काढलेलं नाही, म्हणून हे पत्र. अलास्कातल्या तुझ्या कॉट्झब्यूच्या टपालपेटीचा नंबर मावशीनंच दिला. तिला रागावू नकोस. अठरा मिनिटं गुडघा ऐकून घेतल्यावर माणसाचा तेवढा हक्क होतो.

आता मुद्द्याचं. योगायोग असा, की ऑफिस मला अठरा तारखेला उत्कियाग्विकला पाठवतंय. हो, तेच, अमेरिकेच्या नकाशातलं सगळ्यात वरचं गाव, जिथे तू चार उन्हाळे जमिनीत भोकं पाडून खालचं बर्फ मोजलंस. आमच्या वेबसाइटसाठी काहीतरी पाहणी आहे. आमची साइट काय करते ते तू कॉलेजात असताना आईला एका वाक्यात समजावलं होतंस : बाबा लोकांना सांगतो, जिथे कोणी जात नाही तिथे जायला किती वेळ लागतो. आई हसली होती. तिचा माझ्या वेळांवर विश्वास तसाही नव्हता. मी ऑफिसातून "दहा मिनिटांत पोचतो" म्हटलं की ती पाऊण तास कुकर लावायची नाही.

तर उत्कियाग्विकपासून तुझं कॉट्झब्यू पाचशे एक्केचाळीस किलोमीटर. वेळ किती लागतो ते तुला पाठ आहे. तो आकडा इथे पुन्हा लिहू नये एवढी अक्कल मला आली आहे. इतक्या जवळ आलोच आहे, तर वीस तारखेच्या आसपास डोकावून जाईन म्हणतो. मुद्दाम येतोय असं समजू नकोस.

आपल्या घराण्यात मुद्दाम कोणी कोणाकडे गेलेलं नाही. माझे वडील आणि राजारामकाका अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तरी दर दिवाळीच्या आधी काका धरमपेठेत आमच्या दारात उभे राहायचे. वडील विचारायचे, "इकडे कुठे?" काका म्हणायचे, "घड्याळ बंद पडलंय, कोपऱ्यावरच्या दुकानात टाकलंय. होईपर्यंत आलो." मग चहा, मग चिवडा, मग दोन तास. घड्याळ काकांच्या मनगटावर चालू असायचं. आम्हां सगळ्यांना दिसायचं. कोणी काही बोलायचं नाही.

मावशीनं मेतकुटाचा डबा पाठवलाय. तो पोचवायचा आहे, एवढंच.

मोरेश्वर

(खाली 'बाबा' लिहिणार होतो. मग म्हटलं, ते तू ठरव.)


उत्कियाग्विक, १८ ऑगस्ट

इला,

पोचलो. सिएटल, अँकरेज आणि मग हे.

सिएटलला सुरक्षा तपासणीत मेतकुटाचा डबा पकडला. पिवळी पूड, लेबल नाही, आणि सोबत मिशीवाला इसम. अधिकाऱ्यानं वास घेतला, चेहरा न बदलता विचारलं, याचं काय करतात. म्हटलं, आजारी पडल्यावर मऊ भातात कालवून खातात. त्यानं विचारलं, तुम्ही आजारी आहात का? म्हटलं, अजून नाही. त्यानं पुन्हा वास घेतला. मला वाटतं, त्याला आवडला.

तुझं हे गाव बघून मात्र माझी बोलती बंद झाली. मी इथल्या विमानतळावर, हवामानावर आणि 'जवळपासच्या आकर्षणांवर' मजकूर छापलेला आहे, आणि यातलं काही म्हणजे काहीही मला माहीत नव्हतं. झाड नाही. एकही. रस्ते खडीचे. घरं खांबांवर उभी. ते का, हे तू एकदा जेवताना वाटी पालथी घालून समजावलं होतंस : घराच्या उबेनं खालची गोठलेली जमीन विरघळते, म्हणून घर जमिनीला टेकू द्यायचं नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, हे तर आपल्या नातेवाइकांनाही लागू आहे. आई हसली नव्हती. आठवतं?

समुद्र तवा धुतलेल्या पाण्याच्या रंगाचा. ऑगस्टात चार अंश. हॉटेलमधल्या बाईनं सांगितलं, अस्वल दिसलं तर फोटो काढू नका, आत या. मी म्हटलं, अस्वलाला तसं सांगितलंय का.

एक गंमत. तुला हे पत्र टाकायला पोस्टात गेलो आणि सहज विचारलं, कॉट्झब्यूला कधी पोचेल. खिडकीतली बाई म्हणाली, आधी अँकरेजला जाईल, तिथून कॉट्झब्यू, पाचेक दिवस धरा. अँकरेज म्हणजे हजारेक किलोमीटर खाली दक्षिणेला, आणि तिथून पुन्हा वर. मी तिला बोटानं दिशा दाखवून सांगितलं, बाई, कॉट्झब्यू हे इथे आहे. तिनं शिक्का हातात तसाच धरून विचारलं, पहिल्यांदाच आलात का?

सरकारी खातं म्हणतात ते हेच. अमरावतीचं पत्र अकोल्याला मद्रासमार्गे. दिवाळी अंकाला दोन पानं मिळाली मला.

उद्या विमानतळावर जाऊन तिकीट काढतो. आधी काढलं नाही. आधी काढलं की ते मुद्दाम होतं.

मो.


उत्कियाग्विक, १९ ऑगस्ट

इला,

विमान नाही.

आज नाही असं नाही. नाहीच. इथून कॉट्झब्यूला सरळ विमान नाही, कालही नव्हतं, आणि काउंटरवरच्या बाईंच्या मते त्यांच्या आठवणीत कधी नव्हतं.

क्रमानं सांगतो.

सकाळी मेतकुटाचा डबा घेऊन रुबाबात गेलो. विमानतळ म्हणजे तालुक्याच्या एस. टी. स्टँडएवढी खोली. काउंटरवर एक बाई, तुझ्या आजीच्या वयाच्या, पांढरी वेणी, चष्म्याला दोरी. मी म्हटलं, कॉट्झब्यू, एक. त्या म्हणाल्या, संध्याकाळच्या विमानानं अँकरेज, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी कॉट्झब्यू. मी म्हटलं, तसं नको, सरळ जाणारं द्या. त्या म्हणाल्या, सरळ जाणारं नाही.

मग मी काय केलं असेल? फोन काढला, आमच्या साइटचं पान उघडलं आणि काउंटरवर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं. उत्कियाग्विक ते कॉट्झब्यू. अंतर ५४१ किलोमीटर. विमानप्रवासाचा वेळ एक तास अकरा मिनिटं. वर निळ्या आकाशाचा आणि नारळाच्या झाडाचा फोटो, तो सगळ्याच पानांवर असतो.

बाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. झाडही पाहिलं. मग विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

का कोण जाणे, मी म्हटलं, "मी."

"मग तुम्हीच उडवा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. चांगलं खळखळून हसल्या. मीही हसलो. दुसऱ्याचा विनोद लागला तर मी दाद देतो, तेवढा मोठेपणा आहे माझ्यात.

मग त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "तुम्ही दुसरे."

पुढचं त्या बोलल्या ते इंग्रजीत. मी मराठीत लिहितो, पण एक शब्द माझा घालत नाही.

"तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात धुकं बसलं होतं. तीन दिवस काही उतरलं नाही, काही उडालं नाही. एक मुलगी त्या खुर्चीत बसून होती. तिची आई तिकडे खाली कुठेतरी मरत होती. दर दोन तासांनी उठून माझ्याकडे यायची आणि कॉट्झब्यूचं विमान आहे का विचारायची. मी सांगायचे, पोरी, असं विमानच नसतं. ती म्हणायची, माझे बाबा म्हणतात आहे. ते याच कामात आहेत."

मी फक्त एवढंच विचारलं, कुठली खुर्ची. त्यांनी हनुवटीनं दाखवली. भिंतीकडून तिसरी. सीट फाटलीय, चिकटपट्टी लावलीय. मी जाऊन तिच्यात बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. बाईंनी नंतर कागदाच्या पेल्यात कॉफी आणून दिली. मी कोण हे त्यांना मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

इला, मला फोन आठवतोय. आई आयसीयूत होती, मी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, लॅपटॉप मांडीवर. तू म्हणालीस, इथे धुकं आहे, सगळी विमानं कॅन्सल केलीत. मी म्हटलं, कॉट्झब्यूला ऊन आहे, मी पाहिलंय, तिकडे जा आणि तिथून खाली ये. तू म्हणालीस, "बाबा, देअर इज नो फ्लाइट." मी म्हटलं, आमच्या साइटवर आहे, नीट विचार. तासाभरानं तेच. मी म्हटलं, पुन्हा विचार.

मला इतकी वर्षं वाटत होतं, की तू तिकडे माझ्याशी वाद घालत होतीस. तू उठून विचारायला जात होतीस.

मला आज आणखी लिहिता येत नाही.


उत्कियाग्विक, २१ ऑगस्ट

इला,

धुकं आलंय. काल संध्याकाळचं अँकरेजचं विमान कॅन्सल केलं. आज सकाळचंही. समोरचा दिव्याचा खांब दिसत नाही. मी रोज जाऊन भिंतीकडून तिसऱ्या खुर्चीत बसतो. बाई मला पाहून नुसती मान हलवतात, आहे तसंच आहे या अर्थी. तुला चोवीसला निघायचंय. आज एकवीस. दर दोन तासांनी उठून विचारून येण्यात काय असतं ते आता मला कळतंय. चौथ्यांदा उठताना लाज वाटते. तू कितीदा उठलीस?

वेळ आहे, तर खोटं बोललेलं एकेक काढून ठेवतो.

ऑफिसनं मला पाठवलेलं नाही. ऑफिस मला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानापर्यंतही पाठवत नाही. मी रजा काढली. नकाशा उघडून तुझ्या जवळ असं गाव शोधलं, जिथून 'सहज' येता येईल. आमच्याच साइटवर शोधलं. तिकिटाच्या साइटवरही एकदा बघितलं होतं. तिथे सगळे रस्ते अँकरेजवरून दाखवले. मी म्हटलं, यांना जास्त तिकिटं खपवायची असतात, आणि ते पान बंद केलं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही मी मोकळा नाही.

आता तो आकडा. दोन हजार चौदामध्ये एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत साबुदाण्याची खिचडी खात मी तो नियम लिहिला. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर घ्यायचं, ताशी आठशे किलोमीटरनं भागायचं, चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. बस. जगातल्या प्रत्येक विमानतळापासून प्रत्येक विमानतळापर्यंत. चाळीस लाख पानं एका रात्रीत तयार झाली. त्यात विमान आहे का, हा प्रश्न कुठेच नाही. तो मी घातलाच नव्हता. अर्धा तास वरचा दिला, म्हणून मला तेव्हा फार उदार वाटलं होतं.

आणि आठ वर्षांनी, बायको आत नळ्या लावून पडलेली असताना, मी घाबरून इंटरनेटवर शोधलं आणि पहिलंच उत्तर माझंच मला आलं. त्यावर माझं नाव नव्हतं, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

तू चौथ्या दिवशी पोचलीस, तेव्हा आईला नेऊन झालं होतं. मी तुला काही बोललो नाही. तू म्हणाली होतीस की त्यापेक्षा बोलला असतास तर बरं. म्हणून मग मी सात महिन्यांनी आपल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला स्टेजवर बोललो. लेखाचं नाव 'एक तास अकरा मिनिटं'. आमची कन्या आर्क्टिकमध्ये बर्फ वितळण्याचा अभ्यास करते, तिच्या स्वतःच्या बाबतीत अजून यश नाही. उत्तरेकडची अस्वलंसुद्धा पाचशे किलोमीटर पोहतात, पण त्यांना संशोधनाची शिष्यवृत्ती नसते. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. ज्यांनी आईच्या तेराव्याला डोळे पुसले, तेच पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते, कारण मी इतका छान वाचत होतो. सेक्रेटरी विनयनं व्हिडिओ काढला आणि सगळीकडे पाठवला. तुझा शेवटचा मेसेज माझ्याकडे आहे. "यू मेड पीपल लाफ, बाबा." मी गिरिजामावशीला म्हटलं होतं, बघ, निदान विनोद कळला तिला.

हे सगळं तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते.

त्या तीन दिवसांत तू मला प्रत्येक फोनवर विचारायचीस, आईला सांगितलंस का, धुकं आहे म्हणून? मी म्हणायचो, सांगितलं, तिला कळलंय.

मी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आईनं विचारलं, "निघाली का?" मी रागात होतो. तुझ्यावर, डॉक्टरांवर, लिफ्टवर, सगळ्यांवर. पण राग काढायला तू बरी होतीस, लांब होतीस. मी लॅपटॉप तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, हे बघ, एक तास अकरा मिनिटांचा रस्ता आहे. मनात असेल तर येईल. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मी तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही.

मी हे वाक्य तीन वर्षांत कोणाला म्हटलेलं नाही. स्वतःलाही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही.

बाई खुणेनं सांगताहेत, धुकं पातळ होतंय. उठून विचारतो.


अँकरेज विमानतळ, २२ ऑगस्ट

इला,

काल संध्याकाळी एक विमान उडालं, त्यात मी होतो. निघताना बाईंना सांगितलं, तो बाप मी. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. त्या म्हणाल्या, "मेतकूट विसरू नका." डब्यात काय आहे ते मी त्यांना सांगितलं होतं, ते नाव त्यांनी बरोबर उच्चारलं.

कॉट्झब्यूचं विमान उद्या सकाळी. तिकिटाच्या खिडकीवर माणसानं विचारलं, कामासाठी की फिरायला? असं विचारलं की माझ्या तोंडून आपोआप काहीतरी शोभिवंत येतं. आज आलं नाही. त्यानं स्वतःच काहीतरी टाइप केलं.

मधल्या वेळात ऑफिसच्या सिस्टिममध्ये शिरून एक पान बदललं. चाळीस लाखांपैकी एक. उत्कियाग्विक ते कॉट्झब्यू : सरळ विमान नाही. अँकरेजमार्गे जावे लागते. धुके असल्यास काही दिवस लागू शकतात. नारळाचं झाड काढलं. वीस मिनिटांत बेलव्ह्यूहून सुशांतचा निरोप आला. तो माझ्या हाताखाली आहे, वयानं निम्मा. लिहितो, मोरेश्वरकाका, एका पानाचा साचा तुटलाय, पूर्ववत करू का? म्हटलं, हात लावलास तर याद राख. त्यानं अंगठा पाठवला. सोमवारी बाकीच्या पानांबद्दल बोलू म्हटलं. चाळीस लाख, काका? म्हणाला. म्हटलं, हो.

आता खरी अडचण. कालचं, म्हणजे एकवीसचं पत्र मी टाकलेलं नाही. ते खिशात आहे. एकोणीसचं टाकलं, ते तुझ्याकडे बहुधा माझ्याच विमानानं येईल. पण एकवीसचं मी फाडू शकतो. फाडलं तर तुझं काही बिघडत नाही. आईला धुकं माहीत होतं, असं समजून तू नॉर्वेला जाशील. मी माफी मागेन, आकड्याबद्दल, लेखाबद्दल, आणि तू कदाचित देशीलही. पत्र दिलं तर तू दार लावून घेशील आणि तुझा मुद्दा बरोबर असेल. सकाळपासून दोनदा कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन आलो. तिसऱ्यांदा तिथला सफाईवाला विचारायला लागला, काही हरवलंय का.

मग मला त्या खोलीतली एक गोष्ट आठवली. तीन वर्षं ती माझ्यासमोर होती, पण मी तिचा आईचा हट्टीपणा म्हणूनच हिशेब लावला होता. त्या तिसऱ्या दिवशी आई बोलत नव्हती. नर्स दर थोड्या वेळानं यायची आणि झोपा आता म्हणून चष्मा काढायला बघायची. आई तिचा हात धरायची. तिच्या हातात ताकद राहिली नव्हती, तरी मनगट धरून ठेवायची. दिवसभर तिनं चष्मा काढू दिला नाही. वाचायला समोर काही नव्हतं. मला नीट बघायची तिला गरज नव्हती, मी तिचा तीस वर्षं पाहून झालेला होतो. पलंगासमोर दार होतं.

तिला माझ्या वेळा माहीत होत्या, इला. मी दहा मिनिटं म्हटलं की कुकर न लावणारी बाई. मी तिच्यापुढे पान धरलं तेव्हा तिनं ते वाचलंसुद्धा नसेल.

मी असं समजतो. खात्री देत नाही. खात्रीनं सांगण्याचं माझं काय होतं ते तू भोगलंयस.

म्हणून पत्र फाडत नाही. तीन दिवस तू लोकांना सांगत होतीस, माझे बाबा म्हणतात आहे. एकदा तरी मी म्हटलेलं खरं असावं. तिनं विचारणं थांबवलं हेही खरं आणि चष्मा काढू दिला नाही हेही खरं. पहिलं लपवलं तर दुसरं तुला देता येत नाही.


कॉट्झब्यू, २३ ऑगस्ट

इला,

तुझ्या घराच्या पायरीवर बसून लिहितोय. खांबांवरचं घर, पायऱ्या सात, तिसरी हलते. शेजारच्या आजोबांनी जाळं दुरुस्त करता करता सांगितलं, ती प्रयोगशाळेची किल्ली द्यायला गेलीय, येईल. किती वेळात, विचारलं. त्यांनी आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, येईल तेव्हा येईल. इथे सगळे माझ्यापेक्षा जबाबदारीनं बोलतात.

खिडकीतून तुझे खोके दिसतात. एका खोक्यावर मराठीत 'आईचं' लिहिलंय. आई दर रविवारी मंडळाच्या शाळेत पोरांना ज्या वळणाचा 'ई' काढायला लावायची, तसाच 'ई'.

टपाल माझ्याच विमानात होतं. पोस्टाच्या माणसाला पोती उतरवताना मी पाहिलं. म्हणजे अठराचं आणि एकोणीसचं, दोन्ही पत्रं माझ्याबरोबरच इथपर्यंत आली, त्यांचा आणि माझा रस्ता एकच निघाला. पोस्टातल्या बाईची मी उत्कियाग्विकला जी थट्टा लिहिली आहे, ती वाचताना माझ्याकडे बघू नकोस.

एकवीसचं आणि बावीसचं पत्र हातात आहे. दोन्ही तुला देतो. तू वाचेपर्यंत मी या पायरीवर बसेन. वाचून झाल्यावर जा म्हणालीस तर जाईन. विमान उद्या आहे, ते तुझंही आहे. मी मागच्या रांगेत बसेन, ओळख दाखवणार नाही.

मेतकुटाचा डबा मधे ठेवलाय. झाकण जरा चेपलंय.

रस्त्याच्या टोकाला कोणीतरी येतंय. निळं जाकीट, हातात पिशवी, चालताना उजवा खांदा पुढे. असं दोघीजणीच चालायच्या, त्यांतली एक आता नाही.

तू जवळ येऊन थांबशील आणि आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे विचारशील, इकडे कुठे?

तुझ्याकडेच. बेलव्ह्यूहून निघालो तो तुझ्याकडेच निघालो. कुठेही जाता जाता वाट वाकडी केलेली नाही. माझं घड्याळ चालू आहे.

बाबा